जायची वाट

आई गेल्यावर, तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही तिची पत्र्याची पेटी उघडली. पेटीला कुलूप नव्हतं. पण तिच्या हयातीत तिच्या परवानगीशिवाय तिला कुणी हात लावायचा नाही, असा आमच्या घरात करार होता. थोरली बहीण पदर खोचून पुढं बसली. सूनबाईनं दोन रिकामी पोती आणून ठेवली. सगळ्यांनी धरून चाललेलं की आता दुपार जाणार. कारण आमची आई म्हणजे काही न टाकणारी बाई. खताच्या पोत्यांचे उसवलेले दोरे, नारळाच्या करवंट्या, औषधाच्या बाटल्यांची बुचं, फुटक्या बादल्यांच्या कड्या. "लागंल की कवातरी," एवढं एकच तिचं उत्तर.

पेटी उघडली तर ती अर्ध्याच्या वर रिकामी होती.

आत काय निघालं ते शेवटी सांगतो. ते कळायला आमच्या घरात पसारा कधी आणि कुठून शिरला हे आधी सांगावं लागेल. आणि ते सांगायचं तर भीमेच्या काठापासून सुरुवात करावी लागेल, कारण मुळात ते घर पसाऱ्याचं नव्हतंच.

इंदापूर तालुक्यात पळसदेवच्या अंगानं नदीकाठाला जी गावं होती, त्यातलं एक आमचं. आज ते उजनीच्या पाण्याखाली आहे. घर माळवदाचं. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, वर लाकडाच्या तुळया आणि त्यावर मातीचं धाबं. आत दोन खण, पुढं सोपा, बाजूला गोठा. एवढ्यात आम्ही अकरा माणसं. तरी पाहुणा आला तर सोप्यात घोंगडं अंथरायला जागा असायची.

सामान कमी होतं हे खरंच. पण जे होतं त्यातल्या प्रत्येकाला जागा होती, आणि ती बहुधा भुईवर नव्हती. कपडे वलणीवर. भाकरी शिंक्यातल्या टोपलीत. ज्वारी कणगीत, जास्तीची पेवात. डाळी, तीळ, पुढच्या सालाचं बी हे सगळं उतरंडीत. खाली मोठं मडकं, त्यावर धाकटं, त्यावर त्याहून धाकटं. एका मडक्याच्या जागेत सात मडकी. फणी-करंडा दिवळीत, विळे-खुरपी आढ्याला खोचलेली. माझी आजी सांगायची, "भुईला काय टेकवायचं न्हाय."

या नियमाला कारण होतं. 1896-97 ला मुंबई-पुण्याकडं प्लेग आला आणि पुढं कित्येक वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. घरात उंदीर मरून पडला की गाव मोकळं करायचं आणि रानात पालं ठोकून राहायचं, हे आजीनं तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेलं. पटकुरांचा ढीग किंवा कोपऱ्यात रचलेली पोती तिला दिसली की तिला आधी उंदीर दिसायचा. शिवाय आमच्या मुलखात विंचू भारी. रात्री कंदिलाच्या उजेडात उठणाऱ्या माणसाला भुई मोकळी असलेली बरी. त्यामुळं तिच्या टापटिपीत शोभेचा भाग फारसा नव्हता. जीव वाचवायची ती एक रीत होती, पुढं अंगवळणी पडलेली.

पहाटे सडा, मग केर. चुलीतली राख चाळून भांडी घासायला, उरलेली उकिरड्यावर. तिन्हीसांजेला दिवा लावायच्या आधी पुन्हा केर, आणि त्याच वेळी दिवसभर इकडंतिकडं झालेली वस्तू आपल्या खुंटीला परत. दिवा लागल्यावर केर बाहेर टाकला तर लक्ष्मी जाते, असं म्हणायचे. आजी म्हणायची, लक्ष्मी म्हणजे दुसरं काय, अंधारात केराबरोबर एखादा मणी, मूठभर दाणं जात्यात.

आणि आठवड्यातून एकदा सारवण. मला आता वाटतं, सगळी गंमत या सारवणात होती. मातीची भुई शेणानं सारवायची तर आधी सगळं उचलावं लागतं. उतरंड तेवढी जागची हलायची नाही, बाकी पाटा-वरवंट्यापासून पोरांच्या गोट्यांपर्यंत सगळं अंगणात. म्हणजे आठ दिवसांत एकदा घरातली वस्तू न् वस्तू बाईच्या हाताखालून जायची. भुई वाळल्यावर ती आत घ्यायची तर ती का घ्यायची हे मनातल्या मनात ठरायचंच. अडगळ होते ती हात न लागलेल्या वस्तूची. पुढं घराला शहाबादी फरशी आली, बायकांच्या गुडघ्यांचे हाल थांबले, चांगलंच झालं. पण फरशी पुसायला काही उचलावं लागत नाही. फडकं भोवतीनं फिरवलं की झालं. वस्तू तिथंच बसते, वर्षानुवर्षं.

वर्षाची म्हणून आणखी एक रीत होती. घटस्थापनेच्या आधी दसऱ्याचं धुणं निघायचं. घरातली झाडून सगळी अंथरुणं-पांघरुणं बैलगाडीत घालून नदीवर न्यायची. घर वरपासून खालपर्यंत झाडायचं, पोतारायचं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदीकुंकू वाहायचं. होळीला मोडकी लाकडं जायची. उन्हाळ्यात उकिरडा उपसून खत रानात पडायचं, आणि पुन्हा धान्य होऊन घरात यायचं. लुगडं फाटलं की त्याचं पटकूर, पटकुराची वाकळ, वाकळ विरली की गोठ्यात, तिथूनही उरलेल्या चिंध्यांचा काकडा. मडकं फुटलं की खापरात कोंबड्यांना पाणी. फाळ झिजला की लोहाराच्या भात्यावर. जुनं तांब्या-पितळ तांबटाकडं मोडीत देऊन नवं घ्यायचं. वस्तूला घरात यायला जशी वाट असायची, तशी घरातून जायलाही वाट असायची. आमच्या जुन्या घराचं सगळं कौतुक या एका गोष्टीत सांगून संपतं.

पण कौतुक अर्धवट सांगू नये. ती वाट कुणाच्या तरी पाठीवरून जात होती. केरसुणी शिंदीच्या पाल्याची, ती वळायची मातंगांच्या घरात. आम्ही दिवाळीला केरसुणीला लक्ष्मी म्हणून नमस्कार करायचो, आणि ती वळणाऱ्या माणसाला सोप्याच्या खाली उभं करायचो. मेलेलं ढोर ओढून नेणारे, गावाबाहेरच्या घाणीशी ज्यांचा संबंध जन्मानं बांधलेला, त्यांच्या वाट्याला वर्षाकाठी चार पायल्या बलुतं यायचं. 1958 च्या कायद्यानं महार वतनासारखी गावकीची वतनं गेली, आणि ज्यांनी ही ओझी टाकून दिली त्यांनी योग्यच केलं. घरात, तर सगळा भार बायकांवर. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यात कधी केरसुणी हातात धरल्याचं मला आठवत नाही. तेव्हा 'जुनं ते सोनं' असं मी म्हणणार नाही. त्या रीतीतलं शहाणपण घ्यायचं तर तिची किंमत कुणी मोजली हेही लक्षात ठेवून घ्यायचं.

माझं आजोळ बारामतीकडचं, पणदऱ्याच्या भागातलं. तिथं मी पहिल्यांदा 'अडगळीची खोली' पाहिली.

भोर तालुक्यात भाटघरचं धरण झालं आणि नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास बारामती-इंदापूरकडं वाहू लागला. बारामतीचा बागायती पट्टा तेव्हापासूनचा. आधी ऊस आणि गुऱ्हाळं, मग कारखाने. इंदापूर तालुक्यात शेठ वालचंद हिराचंदांनी वसवलेलं वालचंदनगर, आणि स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे सहकारी कारखाने. एकाच तालुक्याला दोन तोंडं होती. इंदापूरच्या दक्षिणेला कालवा आणि ऊस. उत्तरेला आमच्याकडं भीमा वाहते, पण रानं कोरडी, पाऊस पडला तर ज्वारी.

आजोळी उसाचं बिल यायचं. बिल आलं की बारामतीहून सामान यायचं. पितळी हंडे, लोखंडी खाटा, घड्याळ, शिवणयंत्र, पुढं स्टीलची भांडी. मामाच्या वाड्यात मधल्या सोप्याला लागून एक खोली होती. जुनं काही सुचेनासं झालं की तिथं. आम्हा पोरांना ती खोली म्हणजे खजिनाच. मोडका पाळणा, गुऱ्हाळाची कढई, भिंग फुटलेले कंदील. आईच्या माहेरची ती श्रीमंती. आमच्याकडं असली खोली नव्हती, कारण तिच्यात ठेवायला काही उरतच नव्हतं.

कोरडवाहू माणसाला उरवून चालतही नव्हतं. दुष्काळ पडला की घर बंद करून जनावरं घेऊन कालव्याकडं जगायला जायचं. गाडीत मावेल तेवढाच संसार. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आमच्यासाठीच केलेली. 1972 च्या दुष्काळात आई-अण्णा खडी फोडायला गेले, आम्ही सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो खाल्ला. त्या साली घरातली पितळी भांडी एकेक करून गेली. पुन्हा आली नाहीत. आजही उसाच्या हंगामात मराठवाड्यातून तोडणीवाले येतात, फडाच्या कडेला कोप्या टाकतात. सहा महिन्यांचा संसार, पहाटे तोडीला जायच्या आधी झाडून-लोटून ठेवलेला. बघणाऱ्याला ते देखणं वाटतं. त्यांना विचारलं तर म्हणतील, घ्या, तुम्ही राहा इथं.

मग उजनी आली.

माढा तालुक्यात उजनीजवळ भीमेला बांध घालायचं काम साठच्या दशकात सुरू झालं आणि 1980 साली धरण पुरं झालं. पाणी मागं चढत इंदापूर, दौंड, करमाळा, कर्जतच्या गावांत शिरलं. सोलापूर जिल्ह्याचं त्यानं भलं केलं. पुढं आमचंही केलं, ते सांगतोच. पण गाव उठलं तेव्हा मी कॉलेजच्या वयाचा होतो आणि मला आठवतं ते वेगळं आहे. गावात आधी माणसं मोजून गेली, मग घरं, मग झाडं. दगडांना चुन्याचे आकडे पडले. दोन-तीन पावसाळे 'यंदा नाही, पुढच्या साली' असं करत गेले. मग एका उन्हाळ्यात लोक घरं उसकायला लागले. माळवदाची माती खाली ओढून तुळया काढल्या. दारं, चौकटी, खुंट्यासुद्धा उपसल्या. भिंती तेवढ्या राहिल्या.

आमच्या आजीनं निघायच्या दिवशी सकाळी ते बिनछपराचं घर झाडून काढलं. आई म्हणाली, "आत्याबाई, आता कुणासाठी?" आजी म्हणाली, "घाण ठिवून जाऊ नी." आणि केर उकिरड्यावर टाकून आली. तो उकिरडाही बुडणारच होता. जातं, रांजण आणि पाटा नेता आला नाही. पेव तर नेता येतच नाही.

नवं गावठाण माळावर होतं. आखीव रस्ते, सारखे प्लॉट. कागदावर ते चांगलं दिसायचं. पण आमचं गाव तिथं अख्खं आलं नाही. काही घरं एका वसाहतीत, काही दुसऱ्या, काही पार दुसऱ्या तालुक्यात. कुंभाराचं घर एकीकडं गेलं, सुताराचं दुसरीकडं, लोहारानं पुण्याची वाट धरली. शेजारीपाजारी तुटले. आणि तिथंच आमच्या घरात पसारा जन्माला आला. मला हे कळायला तीस वर्षं लागली.

घर तेच होतं, बाई तीच होती. जी आई भीमेच्या काठाला दर आठवड्याला घर रितं करून भरत होती, तीच इथं आल्यावर दोरीचा तुकडा टाकीना. मडकं फुटलं तर नवं कुठून आणायचं? खोऱ्याचा दांडा मोडला तर बसवणार कोण? आणि दिलं-घेतलं तर कुणाशी? जुन्या गावात आपल्याकडची नसलेली वस्तू शेजारी असायची. पाट्या, पराती, मोठी पातेली गावात फिरत असायची. इथं प्रत्येक घराला सगळं स्वतःचं ठेवावं लागलं. वस्तूंच्या जायच्या वाटा बंद झाल्या आणि यायच्या वाटा बेभरवशाच्या. अशा वेळी माणूस साठवतो. शिवाय आयुष्यात एकदा तुळईपासून चुलीपर्यंत सगळं सोडून आलेली बाई ती. पुन्हा काही सोडायचं तर हात कसा उघडणार?

त्यात पुढं पाण्यानं पैसा आणला. ज्या पाण्यानं गाव बुडवलं त्याच फुगवट्यातून आम्ही मोटारी लावल्या, पाइपलाइनी केल्या. कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. आजोळचा इतिहास शंभर वर्षांनी आमच्या दारात आला, अडगळीच्या खोलीसकट. स्लॅबचं घर झालं, फरशी आली, फरशीबरोबर सारवण गेलं. पत्र्याचे डबे, प्लास्टिकचे बॅरल, खतांची पोती, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. आणि लग्नांतला आहेर! टॉवेल-टोपी आणि साड्या. आमच्या भागात एक टॉवेल किती लग्नं फिरतो याचा हिशेब कुणी ठेवला तर मोठा ग्रंथ होईल. एकदा बहिणीच्या नणंदेकडून आलेला टॉवेल उलगडला तर त्यात आमच्याच अण्णांच्या नावाची चिठ्ठी. चार वर्षांनी आपल्या घरी परत आलेला. अण्णांनी तो निमूटपणे घडी करून पुन्हा आहेराच्या ढिगात ठेवला. बाकी सगळ्या वस्तूंच्या वाटा बंद झाल्या; टॉवेलाची तेवढी गोल फिरत राहिली.

2000 साली राज्यात संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान आलं. गावात शिरताच आधी हातात खराटा घ्यायचा आणि रात्री कीर्तनातून माणसांची मनं झाडायची, ही बाबांची रीत. अभियानात आमच्या वसाहतीनंही गटारं काढली, उकिरडे हलवले, रस्त्याकडेला झाडं लावली. मी शाळेत शिक्षक. मुलांना घेऊन चौक झाडायचो आणि व्याख्यानं द्यायचो. संध्याकाळी घरी येऊन आईच्या करवंट्यांना अडखळायचो. एके दिवशी मनावर घेतलं. आई आषाढात पंढरपूरला गेली होती. मी भंगारवाल्याला बोलावलं आणि माळा मोकळा केला. दोन हातगाड्या भरल्या. मला मोठं काम केल्याचं समाधान वाटलं.

आई आली. माळ्याकडं बघितलं, बुक्क्याची पुडी आणि प्रसाद देव्हाऱ्यात ठेवला, आणि विचारलं, "कोयंडा बी दिलास का रं?"

जुन्या घराच्या दाराची कडी आणि कोयंडा. आजोबांच्या काळात गावच्या लोहारानं ठोकलेला. गाव सोडताना आईनं तो चौकटीतून काढून आणला होता. नव्या घराला तयार दारं लागली म्हणून तो कधी लागलाच नाही. माळ्यावर एका पोत्यात होता. मी भंगारवाल्याच्या गोदामावर गेलो. माल तिथून सकाळीच पुढं गेला होता. घरी येऊन सांगितलं. आई काही बोलली नाही, रागावलीही नाही. मात्र त्या दिवसापासून ती पुन्हा जमवायला लागली, पहिल्यापेक्षा जास्त. मोकळा केलेला माळा दोन वर्षांत भरला.

2016 च्या उन्हाळ्यात उजनीचं पाणी वजा पातळीच्या खाली खूप गेलं. पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, पुण्या-मुंबईची माणसं फोटो काढायला येऊ लागली. एका सकाळी आई म्हणाली, "मला आपली पांढरी बघायचीय." गाळाला भेगा पडल्या होत्या. मी तिला हाताला धरून नेलं. भिंती विरघळून गेलेल्या, पण पायाचे दगड जागेवर होते. तिनं वेशीवरून अंदाज घेतला, बोळ मोजला आणि एका चौकोनात जाऊन उभी राहिली. "ही चूल. हितं उतरंड. हितं तुझा पाळणा." मग जरा वेळानं, "येवढ्याशा जागंत कसं मावलो रं आपुन सगळी?"

मी म्हणालो, "आई, तो कोयंडा मी द्यायला नको होता."

"कोयंडा घिऊन काय करायचं हुतं मला? दार कुठं ऱ्हायलंय?" ती म्हणाली. "पर इचारायचं हुतंस. गाव उठलं तवाबी कुणी इचारलं न्हवतं."

परत येताना गाडीत ती झोपली. मला वाटतं, घर आवरण्याबद्दल मला जे कळायचं होतं ते त्या एका वाक्यात कळलं. त्याआधी दुसऱ्याच्या वस्तूंची विल्हेवाट लावण्याला मी स्वच्छता म्हणत होतो.

त्या दसऱ्याला आम्ही घरात काही गोष्टी ठरवल्या. मी, बायको, मुलगा, सूनबाई आणि मधोमध आई. नियम आईच्याच जुन्या घरातले आहेत, थोडे आजच्या सोयीचे करून घेतलेले. वाचणाऱ्याच्या उपयोगी पडतील म्हणून लिहितो.

पहिला नियम, दिवेलागणीच्या आत प्रत्येकानं आपापली वस्तू खुंटीला लावायची. घराची नाही, आपापली. याला फार तर दहा मिनिटं लागतात, आणि पुरुषांनाही हात असतात. दुसरा, सारवण गेलं तरी उचलणं ठेवायचं. दर शनिवारी एकच फडताळ किंवा एकच कप्पा पूर्ण रिकामा करायचा, पुसायचा आणि वस्तू हातात घेऊन आत ठेवायच्या. एकाच शनिवारी अख्खं घर काढायला गेलं की माणूस दमतो आणि वर्षभर पुन्हा नाव काढत नाही. तिसरा, गेल्या दसऱ्यापासून या दसऱ्यापर्यंत ज्याला हात लागला नाही ते धुण्याच्या दिवशी अंगणात आणायचं. पण द्यायचं की ठेवायचं हे ज्याचं आहे त्यानं सांगायचं. तो 'ठेवा' म्हणाला तर वाद न घालता आत.

चौथा नियम शेताचा. शेतातलं घरात नाही. पोती, नळ्या, अवजारं शेडमध्ये; फवारणीच्या औषधांचे डबे कुलपात, आणि रिकामा डबा पुन्हा कशालाही वापरायचा नाही. पाणी प्यायला म्हणून तो कुणी उचलला तर जिवाशी गाठ. पाचवा, आहेर घ्यायचा-द्यायचा नाही. पत्रिकेतच तसं छापायचं. पहिल्या वर्षी दोन-तीन पाहुणे रुसले, मग त्यांनीही तेच सुरू केलं. सुटल्यासारखं त्यांनाही वाटलं असणार. आणि सहावा, नवी वस्तू आणताना उंबऱ्यावरच विचारायचं, ही जाणार कुठून? मोडली तर दुरुस्त कोण करेल, नको झाली तर कोण घेईल? उत्तर सापडलं नाही तर घ्यायच्या आधी चार दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या निम्म्या वस्तू या प्रश्नापाशीच दुकानात राहतात.

आणि आईची पेटी. ती तिची. तिच्यात काय आहे हे कुणी विचारायचं नाही.

पहिल्या दसऱ्याला आईनं अंगणात काहीच आणलं नाही. आम्हीही बोललो नाही. दुसऱ्या वर्षी तिनं करवंट्या आणल्या. "चुलीला घ्या." तिसऱ्या वर्षी माळ्यावरची एक पितळी घागर स्वतः घासून बहिणीला दिली, तिच्या माहेरून आलेली, 72 च्या सालातही वाचलेली. मग नातीला कुंकवाचा करंडा. शेजारच्या पोराला दोरांची भेंडोळी, गाईला दावं वळायला. कुणी विचारलं नाही, कुणी ओढून घेतलं नाही, की तिचा हात उघडला. माळा मोकळा होत गेला, तो कधी झाला हे आम्हाला कळलंही नाही.

तर पेटीत काय निघालं. वर पुनर्वसनाची कागदं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून. खाली दोन लुगडी. त्याखाली एक गाठोडं: धुऊन, नीट चौकोनी कापून ठेवलेले कापडाचे तुकडे. आजीचं लुगडं, अण्णांच्या धोतराचा काठ, आम्हा भावंडांची झबली, माझ्या मुलाची शाळेची चड्डी. वाकळीला घालायचे म्हणून जमवलेले. बहीण एकेक तुकडा ओळखत होती आणि रडत होती. पोती रिकामीच राहिली.

सूनबाईला आता दिवस गेलेत. बहीण आणि ती मिळून त्या तुकड्यांची वाकळ शिवताहेत, दुपारी जेवणं झाली की. आईला जे वाटेला लावायचं राहिलं होतं, तेवढं ते.

परवा सूनबाई पेटी पुसत होती. म्हणाली, "मामा, पेटी चांगली हाय. हिच्यात काय ठेवू?"

"आत्ताच काही ठेवू नकोस," मी म्हणालो.